डाव्या कुशीवर दोन थापा

"खांदा सोळा, बाही नऊ, पोट सुटलंय, बोलू नको, गं बाई, बोलू नको..."

भाषेच्या सरांच्या कानात हा आवाज गेली पन्नास वर्षं शिलाई-यंत्राच्या खडखडाटासकट जपून ठेवलेला होता. आवाज आत्याचा. आत्या कपडे शिवायची आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून गिऱ्हाईक माप देऊन उंबऱ्याबाहेर पडलं, की ती त्या मापाचं गाणं करून टाकायची. यंत्राखाली चिंध्यांच्या मऊ ढिगात बसून लहानगे सर ते ऐकत राहायचे. कोणाचा खांदा उतरता, कोणाची मान आखूड, कोण लग्नानंतर कमरेला वाढलं, अख्ख्या गल्लीची अंगलट आत्याच्या गळ्यात होती. गिऱ्हाईक वर्षाने परत आलं तरी फीत खुंटीवरून काढायची गरज पडत नसे.

चालीत बसलेली गोष्ट डोक्यातून उठत नाही, असा सरांचा तेव्हापासून पक्का समज झाला होता. त्या समजुतीवर त्यांनी एकोणतीस वर्षं मुलांकडून व्याकरण गाऊन घेतलं. पुढे जे काही घडलं, त्याचं खापर मात्र आत्यावर फोडू नये. ती बिचारी मापापुरतंच गायची.

शाळेत दहा संगणक आले ते एका सोमवारी, टेम्पोतून. खोकी उतरताना बघून सगळा शिक्षकवर्ग हरखून गेला. "आता हे नववीला शिकवणार कोण?" असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी विचारलं, तसा तोच शिक्षकवर्ग खाली मान घालून वह्या तपासायला लागला. ज्यांच्यापुढे वह्या नव्हत्या, ते शेजारच्याच्या तपासू लागले.

"भाषेच्या सरांना तेवढं नका विचारू," विज्ञानाचे सर लाल पेनाचं टोपण चावत म्हणाले. "ते अजून घड्याळाला किल्ली देतात."

खोली हसली. शिपायाने चहाचे कप उचलता उचलता हसून घेतलं. ते हसू सरांच्या कानातून शिरलं ते थेट पाठीच्या कण्यात उतरलं, आणि कणा ताठ झाला.

"येतं मला," सर म्हणाले.

"काय येतं?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"संगणक."

"कितपत?"

"बऱ्यापैकी."

या 'बऱ्यापैकी'चा खुलासा करायला हवा. सरांनी आयुष्यात संगणकाला दोनदा हात लावला होता. एकदा बँकेच्या खिडकीत वाकताना चुकून, आणि एकदा मेव्हण्याच्या घरी, त्याच्यावरची धूळ पुसायला. दोन्ही वेळा लोक ओरडले होते.

"छान!" मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांनी तपासणी आहे. साहेब येतील, मुलांकडून यंत्र चालू करून घेतील, एक अर्ज टाइप करून छापायला लावतील. मुलांना जमलं तर यंत्रं आपली. नाही जमलं तर दहाच्या दहा उचलून दुसऱ्या शाळेत. आपल्या मुलांना परत कधी मिळतील, देव जाणे. तेव्हा सर, सगळं तुमच्यावर."

विज्ञानाचे सर गालातल्या गालात हसले. जादा तास त्यांच्या गळ्यात पडणार होता. त्यांनी तो टोपण चावता चावता दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता, आणि सरांना हे कळेपर्यंत वेळापत्रक टाचणीने फळ्यावर लागलंसुद्धा.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भाजीची जुडी सोडत म्हणाली, "अहो, उद्या जाऊन सरळ सांगा ना, येत नाही म्हणून."

"एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी वर्गात उच्चारलेलं नाही."

"घरात तरी कुठे उच्चारलंय? म्हणून तर तो नळ अजून गळतोय. दुरुस्त करतो म्हणालात त्याला तिसरं वर्ष."

सर नळाकडे न बघता बाहेर गेले.

यंत्रं जोडायला जो माणूस आला, तो कायम कुठेतरी उशीर झालेला होता. सगळं जोडून झाल्यावर त्याने हात झटकले. "बाईंनी सांगितलं, तुम्हाला येतंच. भराभर एकदा दाखवतो आणि निघतो." आणि तीन नंबरच्या यंत्रावर त्याने अकरा मिनिटांत सगळी विद्या ओतली. सरांनी वही उघडली होती. टिपणं घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या माणसाने जे जे केलं ते ते त्यांनी लिहून काढलं: भिंतीवरचं बटण. लाल दिव्याची वाट. डब्याच्या कपाळावरची कळ. डब्याच्या डाव्या कुशीवर दोन थापा, पहिली जोरात, दुसरी हळू. उजवा कान खाजवणे. खिशातून फोन काढून 'पोचलो गं, तू जेवून घे' म्हणणे. पडदा निळा. मग उंदीर मुठीत, बाण त्या चित्रावर, दोन टिचक्या, आणि पुढे अक्षरं, जतन, छपाई.

आता कोणी म्हणेल, सरांना शंका आली नाही का? आली. कान खाजवलेला यंत्राला कसा कळतो, हे त्यांच्याही मनात आलं. पण ज्याला येतं त्याला विचारता येत नाही, ही त्याची खरी कोंडी. शिवाय सरांनी तरुणपणी जुन्या हस्तलिखितांच्या नकला केल्या होत्या, आणि त्या कामाचा एक नियम असतो: न कळलेली ओळ गाळायची नाही. न कळलेलीच कदाचित मुख्य असते. कळलेल्या ओळी काय, कोणीही लिहील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्याने तीन नंबरवर प्रयोग केला. थापा न मारता कळ दाबली. यंत्र मख्ख. डाव्या कुशीवर दोन थापा दिल्या मात्र, आत काहीतरी घुरघुरलं आणि पडदा आभाळासारखा निळा झाला. सरांचे डोळे भरून आले. आतली एक तार सैल आहे, हे त्यांना कोण सांगणार? थापांची सत्यता सिद्ध झाली, तिच्या मागोमाग कानाची आणि फोनचीही झाली. एकाच वहीतली भावंडं ती.

तरीही, दुसरं मत असावं म्हणून, त्यांनी समोरच्या निवृत्त टपालमास्तरांपुढे विषय काढला.

"थापा? मारल्याच पाहिजेत," टपालमास्तर गॅलरीच्या कठड्याला टेकून म्हणाले. "आमचं तारयंत्र होतं, तेवीस वर्षं फक्त माझ्या थापेवर चाललं. मी रजेवर गेलो की गावाला कोणाच्या बातम्याच यायच्या नाहीत."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिना उतरत होत्या. "संगणक का? मुलांचे डोळे सांभाळा हं, सर. दर पाच मिनिटांनी गार पाण्याने धुवायला लावा. पाणी जवळच ठेवा, म्हणजे आळस होत नाही."

सरांनी दोन्ही वहीत उतरवलं आणि गाणं रचायला बसले. आणि रचलं काय, नुसतं झुळझुळ वाहिलं:

*पहिली माझी कळ गं, भिंतीवरल्या बटणाची,*
*वाट बघ गं लाडके, लाल दिवा उठण्याची.*
*दुसरी माझी कळ गं, डब्याच्या त्या कपाळाला,*
*हळूच दाब, लगेच सोड, घाई नको रे बाळाला.*
*तिसऱ्या वेळी थाप दे, डाव्या कुशीवर दोनदा,*
*एक जोराची, एक मऊ, राग येईल एखादा.*
*चौथ्या वेळी कान खाजव, उजवाच बरं, डावा नाही,*
*पाचव्या वेळी घरी सांग, पोचलो गं, जेवून घेई...*

सव्वीस कडवी होती. बायकोने पोळपाटावरून मान वर करून पहिली दहा ऐकली आणि म्हणाली, "चाल गोड आहे." बाकी ती काही बोलली नाही. सरांना ती पसंतीची पावती वाटली.

आता खोलीची किल्ली. किल्ली हेडक्लार्ककडे होती आणि हेडक्लार्कच्या वहीत 'संगणक' नावाचं खातंच नव्हतं. त्यांनी यंत्रांची नोंद केली होती, 'नग दहा, टेबलासह'. टेबलासह म्हटल्यामुळे खुर्च्या राहिल्या.

"खुर्च्या सभागृहाच्या आहेत," हेडक्लार्क म्हणाले. "हलवायच्या तर अर्ज करा."

"द्या कागद, करतो."

"कागदी अर्ज बंद झालेत, सर. हे बघा परिपत्रक. यापुढे खुर्च्यांचे सर्व अर्ज संगणकावर टाइप करूनच."

"पण संगणक शिकायला खुर्च्या हव्यात ना!"

"मग शिका लवकर," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी किल्लीच्या नोंदीखाली सही घेतली.

अशा रीतीने नववीची सत्तावीस मुलं संगणक उभ्याने शिकू लागली. एका यंत्राला तीन जण. एक कळ दाबी, दुसरा थाप मारी, तिसरा मूठ कानाला लावून 'पोचलो गं' म्हणे. सगळ्यांना मिळून एकच अर्ज पाठ करायचा होता, सभागृहातील खुर्च्या मिळणेबाबत. खोलीच्या मधोमध पाण्याची बादली आणि तांब्या. बाहेरून जाणाऱ्यांना आत गाणं, थापा, आणि अधूनमधून पाण्याचे सपकारे ऐकू यायचे. शेजारच्या वर्गाची समजूत झाली की शाळेने धोब्यांचा अभ्यासक्रम काढलाय.

या सत्तावीसांत एक मुलगी होती. तिला सगळे 'का-ताई' म्हणत, कारण तिच्या तोंडून दुसरा शब्द क्वचित निघे. बारीक चणीची, वेण्या घट्ट, आणि भुवया कायम प्रश्नासारख्या वर चढलेल्या.

"सर, थापा का मारायच्या?"

"यंत्र झोपलेलं असतं. तुला सकाळी आई कशी उठवते?"

"हाक मारून."

"याला कान नसतात."

"मग आपण कान का खाजवायचा?"

वर्ग सरांकडे बघू लागला. सर म्हणाले, "मान राखण्यासाठी." ते स्वतःच या उत्तराने चकित झाले.

"आणि घरी फोन का करायचा?"

"विजेचं काम आहे. माणसाने आपण कुठे आहोत ते कळवून ठेवावं."

"मग सर, 'जेवून घे' का?"

"काळजीत माणूस जेवत नाही म्हणून!"

दररोज एक का, आणि दररोज सरांचं एक नवं उत्तर. सरांना वाटे, आपण पाण्यावर फळ्या टाकत चाललोय, आणि ही पोर मागून एकेक फळी उचलून खाली वाकून बघतेय. शेवटी एका मंगळवारी तिने विचारलं, "सर, मी काल सातव्या यंत्राला थाप मारायला विसरले तरी ते चालू झालं. असं का?"

सरांच्या पायाखालची फळी सरकली.

"का, का, का!" सर कडाडले. "शिकायला येतेस की उलटतपासणी घ्यायला? जे सांगितलंय ते मुकाट्याने करावं. एवढं कळतंय तर ये, तूच शिकव!"

का-ताईच्या भुवया हळूच खाली आल्या. "सॉरी सर," ती म्हणाली, आणि तिने सातव्या यंत्राच्या डाव्या कुशीवर दोन थापा मारल्या. एक जोरात, एक हळू.

त्या दिवसापासून तिने काही विचारलं नाही. सगळ्यात आधी तिचं गाणं पाठ झालं. सगळ्यात नेमका कान ती खाजवू लागली. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण दोन दिवसांत त्यांना तास लांब वाटायला लागला. चिमण्या उडून गेलेल्या वळचणीसारखी खोली सुनी झाली होती, आणि कोणी काही विचारत नव्हतं तरी सर उगाच मधेच थांबून तिच्याकडे बघत.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात बादली लवंडली. दोघं एकदम डोळे धुवायला धावले, तांब्या उडाला, आणि दहाव्या यंत्राने एक निळी ठिणगी टाकून राम म्हटला. हेडक्लार्क वही घेऊन पंचनाम्याला आले.

"कारण?"

"पाणी," सर म्हणाले.

"बुडून की शिंपडून?"

"म्हणजे?"

"रकाने वेगळे आहेत, सर. बुडून असेल तर निष्काळजीपणा. शिंपडून असेल तर नैसर्गिक."

नैसर्गिक लिहिलं गेलं. मुलांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून दहाव्या यंत्राला निरोप दिला. उभी तर ती होतीच.

आणि तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले. उंच, ताठ, मिशा दोन्हीकडे सारख्या मापाच्या. अधिकारी होण्याआधी ते वीस वर्षं कवायतीचे शिक्षक होते, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. मागे मोठ्या बाई, वही घेऊन हेडक्लार्क, आणि गंमत बघायला विज्ञानाचे सर.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

सरांनी हात वर केला. नऊ यंत्रांपुढे सत्तावीस मुलं ताठ झाली. आणि गाणं सुरू झालं. पहिली माझी कळ गं... नऊ हात एकदम भिंतीकडे. दुसरी माझी कळ गं... नऊ बोटं कपाळावर. मग धाड! पुट्. नऊ थापा जोरात, नऊ थापा हळू, एका तालात, एकाही हाताची चूक नाही. नऊ उजवे कान एकसाथ खाजवले गेले. नऊ मुठी कानाला लागल्या आणि खोली म्हणाली, "पोचलो गं, तू जेवून घे!" नऊच्या नऊ पडदे निळे झाले.

साहेबांच्या टाचा आपोआप जुळल्या होत्या. कवायतीत घातलेल्या वीस वर्षांत इतकी एकजूट त्यांनी कधी बघितली नव्हती. मुलांनी अर्ज टाइप केला, जतन केला, छापला. सत्तावीस अर्ज, सभागृहातील खुर्च्या मिळणेबाबत, साहेबांच्या हातात पडले.

"अद्भुत!" साहेब म्हणाले. "ही कुठली पद्धत?"

मोठ्या बाई क्षणभर सरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची स्वतःची."

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," विज्ञानाचे सर पुढे सरकत म्हणाले.

"बेचाळीस शाळा आहेत माझ्या हाताखाली," साहेबांनी पेन काढलं. "सगळीकडे कळ दाबताना कोणी इकडे बघतं, कोणी तिकडे. शिस्त नाही! मी परिपत्रक काढतो. बेचाळीस शाळांत हेच गाणं, ह्याच थापा. आणि शिक्षकांना शिकवायला हेच सर. लिहून घ्या हो, हेडक्लार्क."

हेडक्लार्क लिहू लागले. सरांच्या डोळ्यांपुढे बेचाळीस शाळा उभ्या राहिल्या. हजारो मुलं, हजारो कान. पण छातीत कुठेतरी, खोटं कशाला बोला, गुदगुल्याही होत होत्या. विज्ञानाच्या सरांच्या तोंडातलं टोपण खाली पडलं होतं आणि ते उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

"परिपत्रकात कारण द्यावं लागतं," साहेब म्हणाले आणि सगळ्यात जवळच्या मुलीकडे वळले. "तू सांग बाळ. ह्या थापा कशासाठी?"

ती का-ताई होती.

तिने सरांकडे बघितलं. एकदाच. मग मान ताठ करून, भुवया जागच्या जागी ठेवून, शांतपणे म्हणाली, "साहेब, यंत्र बंद असताना आत गार हवा धरून बसते. जोराची थाप तिला हलवते, हळू थाप तिला जागा करून देते. नाहीतर अक्षरं वाकडी येतात."

"वा!" साहेब म्हणाले. "घ्या लिहून. गार हवा."

सर बघत राहिले. एवढं सफाईदार खोटं त्यांनी जवळून कधी बघितलं नव्हतं, फक्त आतून बोललं होतं. तोच सूर, तोच वाक्याच्या शेवटी अर्धा श्वास थांबणं, तोच मुद्दाम स्थिर केलेला चेहरा. दोन महिन्यांत पोरीने काय काय उचललं होतं! आणि ते तिने सरांना वाचवायला सरांपुढे ठेवलं होतं, मोठ्या मायेने.

"थांबा," सर म्हणाले. "लिहू नका. हवा-बिवा काही नाही. तिने आत्ता रचलंय."

हेडक्लार्कचं पेन अधांतरी राहिलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

"सातवं यंत्र बंद कर," सर का-ताईला म्हणाले. "आणि परत लाव. गाणं नको. थापा नकोत. कान नको. तुला जसं वाटतं तसं लाव."

ती गेली. भिंतीवरचं बटण, कपाळावरची कळ. बास. पडदा निळा झाला. तिने उंदीर धरला, दोन टिचक्या मारल्या, कोरं पान उघडलं, आणि खुर्च्यांच्या अर्जाऐवजी आपलं स्वतःचं नाव लिहून छापून आणलं. कोणी शिकवलं नव्हतं तरी तिने ते मधोमध आणलं होतं, ठळक अक्षरांत.

साहेबांनी तो कागद उजेडाकडे धरला. मग त्यांनी परिपत्रकाचा मसुदा हेडक्लार्ककडून मागून घेतला आणि चार घड्या घालून खिशात टाकला. तपासणीच्या फॉर्मवर एका रकान्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. "मुलांना येतं. यंत्रं इथेच राहतील," ते म्हणाले. त्यांचं पेन खाली पुढच्या रकान्यावर आलं, तो शिक्षकाचा होता. "पण मग सर, ह्या पोरांकडून दोन महिने थापा का मारून घेतल्यात?"

सगळे सरांकडे बघत होते. विज्ञानाचे सर तर टाचा उंचावून. वेळ मारून न्यायला एक हुशार वाक्य पुरलं असतं, आणि सरांच्या जिभेवर, सवयीने, तीन तयार होती. पण सर साहेबांकडे वळलेच नाहीत. ते सातव्या यंत्रापाशी गेले आणि का-ताईपुढे, तिच्या उंचीचे होत, थोडे वाकून उभे राहिले. तिच्या भुवया कितीतरी दिवसांनी वर चढल्या होत्या.

"तू विचारलंस ना, का म्हणून," सर म्हणाले. "मला माहीत नव्हतं गं. पहिल्या दिवशीही नव्हतं, आजही नाही. मला संगणक येत नाही, बाळ. अजिबात येत नाही."